आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी : लाल पायांचा आजार आणि फिटची गोळी

पाय लालबुंद होतात, सुजतात, हात लावला तर आपल्यालाच धग जाणवावी इतके तापतात. आत निखारे भरल्यासारखी आग होते. मोजे घातले, थोडे चालले, उबदार खोलीत बसले किंवा रात्री पांघरूण घेतले की ती भडकते. थंड फरशीवर, पंख्यासमोर, बर्फाच्या पाण्यात पाय टाकले की तेवढ्यापुरती शमते. एरिथ्रोमेलाल्जिया नावाच्या दुर्मिळ आजाराचे हे चित्र आहे. काही घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत येतो आणि अनेकांना लहानपणीच गाठतो. शाळेत बूट घालता न येणारे मूल, थंडीतही अनवाणी राहणारा बाप, बादलीत पाय बुडवून झोपू पाहणारी आई, असे त्या घरांतले रोजचे जगणे असते.

असा पाय पाहिला की कोणत्याही डॉक्टरची पहिली शंका रक्तवाहिन्यांवर जाते, आणि ते साहजिकच आहे. लाली, सूज, उष्णता, वेदना ही दाहाची पाठ्यपुस्तकातली चारही लक्षणे एकाच पायावर हजर असतात. रक्तवाहिनीदाह, म्हणजे व्हॅस्क्युलायटिस, असेल का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पण वंशपरंपरेने येणाऱ्या एरिथ्रोमेलाल्जियात आग एकीकडे आणि धूर दुसरीकडे असा प्रकार असतो. तो उलगडायला सव्वाशे वर्षे लागली. उलगडल्यावर मदतीला आले ते एक जुने, स्वस्त, गल्लीतल्या औषधाच्या दुकानातही मिळणारे फिटचे औषध, कार्बामाझेपिन.

इथे मांडतो आहे ते प्रकरण एकाच कुटुंबातल्या दोन रुग्णांचे. त्यांच्यावरचा अभ्यास अमेरिकेत येल विद्यापीठातल्या स्टीफन वॅक्समन यांच्या गटाने केला आणि तो २०१६ मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’त आला. फक्त दोन माणसांवरचा अभ्यास इतक्या विस्ताराने का सांगायचा, असे कुणाला वाटेल. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण या दोघांना कोणते औषध लागू पडेल हे गोळी तोंडात जाण्याच्या आधीच, एका प्रथिनाच्या घड्या पाहून सांगितले गेले होते.

रक्तवाहिन्यांवरचा आळ

आजाराला नाव दिले फिलाडेल्फियाच्या सायलस वीअर मिचेल यांनी, १८७८ मध्ये. ग्रीक भाषेतले तीन शब्द जोडून त्यांनी ते बनवले. एरिथ्रोस म्हणजे लाल, मेलोस म्हणजे हातपाय, आल्गोस म्हणजे वेदना. मिचेल अमेरिकन यादवी युद्धात जखमी सैनिकांच्या नसांवर काम केलेले डॉक्टर होते. कापून टाकलेला हात अजून दुखतो, खाजतो, ही सैनिकांची तक्रार त्यांनी गांभीर्याने ऐकली आणि ‘फँटम लिंब’ हा शब्दही त्यांचाच. त्यांनी लाल पायांच्या आजाराला रक्तवाहिन्यांना आवळणाऱ्या-सैलावणाऱ्या नसांचा विकार म्हटले होते. आज मागे वळून पाहताना त्यांची नजर किती बरोबर जागी गेली होती हे लक्षात येते. पण डोळ्यांना दिसत होत्या त्या फुगलेल्या रक्तवाहिन्या. त्यामुळे पुढच्या काळात औषधे शोधली गेली ती मुख्यतः रक्तवाहिन्या आवळण्यासाठी किंवा रुंदावण्यासाठी.

१९३८ मध्ये मेयो क्लिनिकच्या स्मिथ आणि ॲलन यांनी एक उपयोगी फरक केला. काही रुग्णांत हा त्रास स्वतंत्र असतो, तर काहींत तो दुसऱ्या आजाराच्या पोटी येतो. दुसऱ्या गटात रक्तातल्या प्लेटलेट्स बेसुमार वाढलेले रुग्ण येतात. त्यांच्या पायांतल्या अगदी बारीक धमन्यांत प्लेटलेट्सच्या गुठळ्या होतात, आणि ॲस्पिरिनची एक साधी गोळी त्यांना आश्चर्यकारक आराम देते. म्हणजे तिथे गुन्हेगार खरोखरच रक्त आणि रक्तवाहिनी आहे. वंशपरंपरेच्या प्रकारात मात्र तीच ॲस्पिरिन बहुधा काहीच करत नाही. बाहेरून दोघांचे पाय सारखेच लाल दिसतात.

खऱ्या रक्तवाहिनीदाहात रोगप्रतिकारक पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीवरच हल्ला करतात. ताकायासु आर्टरायटिसमध्ये महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्या, पॉलिआर्टरायटिस नोडोसामध्ये मध्यम आकाराच्या धमन्या. सक्रिय आजारात ईएसआर आणि सीआरपी या रक्तातून दाह मोजणाऱ्या चाचण्या बहुतेक वेळा वाढलेल्या असतात, बायोप्सीत भिंतीत घुसलेल्या पेशी दिसतात. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि त्याच्या जोडीला रोगप्रतिकारशक्ती दाबणारी इतर औषधे हा तिथला उपचार. तो वेळेवर सुरू झाला नाही तर मूत्रपिंड, नसा, कधी जीवही जातो. म्हणून रक्तवाहिनीदाहाची शंका घेणे चूक नाही, उलट ती न घेणे चूक ठरेल. वंशपरंपरेच्या एरिथ्रोमेलाल्जियात मात्र दाहाच्या या चाचण्या सहसा बोलत नाहीत आणि स्टिरॉइडने पाय निवत नाहीत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असेच ते होते.

आपल्याकडे ‘पायांची आग होते’ ही तक्रार ओपीडीत रोज येते आणि ती सांगणाऱ्या बहुतेकांना हा दुर्मिळ आजार नसतो, हे इथेच सांगून ठेवतो. मधुमेह, बी-१२ची कमतरता, दारू, ही नेहमीची कारणे. भारतात या तक्रारीचा अभ्यासही जुना आहे. डॉ. सी. गोपालन यांनी १९४६ मध्ये कुपोषित रुग्णांतल्या ‘बर्निंग फीट’ विकाराचे सविस्तर वर्णन केले आणि त्याचे नाते ‘ब’ गटातल्या जीवनसत्त्वांशी जोडले. या रुग्णांच्या तळपायांची आग होते, पण पाय बाहेरून सहसा लालबुंद होऊन तापत नाहीत. एरिथ्रोमेलाल्जियात आग सांगावी लागत नाही, ती दिसते आणि हाताला लागते. ती झटक्यांनी येते, उबेने चेतते आणि गारव्याने निवते. हे चार प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. पाचवा प्रश्न घरात आणखी कुणाला आहे का, हा.

दार लवकर उघडते

२००१ मध्ये नेदरलँड्सच्या योस्ट ड्रेंट यांच्या गटाने हा आजार असलेल्या कुटुंबांचा अभ्यास करून गुणसूत्र क्रमांक २ वरचा एक पट्टा दाखवून दिला. दोष याच भागात कुठेतरी आहे, इतकेच तेव्हा कळले. २००४ मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी नेमके जनुक सांगितले, एससीएन९ए. गंमत म्हणजे ते रक्तवाहिनीचे नव्हतेच. ते नॅव्ह १.७ नावाच्या सोडियम चॅनेलचे जनुक होते, आणि हा चॅनेल वेदना वाहून नेणाऱ्या नसांच्या पेशींत भरपूर असतो.

सोडियम चॅनेल म्हणजे पेशीच्या आवरणातले एक दार. आतबाहेरच्या विद्युतदाबातला फरक ठराविक पातळीपर्यंत बदलला की ते उघडते, सोडियम आत घुसतो आणि नस ‘बोलते’. नॅव्ह १.७चे काम थोडे वेगळे आहे. तो बारीक चाहुलीला मोठे करतो. वेदनेची नस पेटावी की नाही याचा उंबरठा बऱ्याच अंशी तो ठरवतो.

बीजिंगला सापडलेली दोन उत्परिवर्तने, म्हणजे जनुकातले बदल, येलच्या प्रयोगशाळेत पेशींमध्ये घालून पाहिली तेव्हा दिसले की बिघडलेले दार नेहमीपेक्षा सुमारे १३-१४ मिलिव्होल्ट आधीच उघडते, आणि एकदा उघडले की सावकाश मिटते. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण पेशीच्या जगात शांत अवस्था आणि पेट घेणे यांच्यातले अंतरच काही दशक मिलिव्होल्टचे असते. त्यातले १३-१४ आधीच खाल्ले गेले तर मोज्याची ऊबसुद्धा नसेला चटका वाटते. त्याच्या पुढच्या वर्षी अलाबामा राज्यातल्या एका मोठ्या कुटुंबातले उत्परिवर्तन तपासले गेले. त्या घरात पाच पिढ्यांत हा आजार होता. दार लवकर उघडण्याचाच दोष तिथेही निघाला.

मग पाय लाल का होतात? या प्रश्नाचे उत्तर मला या साऱ्या कथेतले सर्वांत सुंदर वाटते. २००६ मध्ये याच गटाने एकच उत्परिवर्तन दोन प्रकारच्या नसपेशींत घालून पाहिले. वेदनेच्या नसेत त्याने पेशी अति उत्तेजित केली. पण रक्तवाहिन्यांवर ताबा ठेवणाऱ्या सिंपथेटिक नसेत त्याच उत्परिवर्तनाने पेशी उलट सुस्त केली. दोन्ही पेशींत सोबतीला कोणते दुसरे चॅनेल आहेत, यावर हा फरक पडतो. वेदनेची नस ओरडते आणि रक्तवाहिनीला आवळून धरणारी नस हात सोडून देते. रक्तवाहिनी सैल पडते, रक्त भरते, पाय लाल आणि गरम होतो. डॉक्टर जी लाली पाहून रक्तवाहिनीकडे बोट दाखवत होते ती खरी होती, पण लगाम दुसऱ्याच हातात होता. मिचेल यांनी १८७८ मध्ये लिहिलेला विचार इथे पेशींत दिसला.

त्याच वर्षी या जनुकाची दुसरी बाजूही समोर आली. उत्तर पाकिस्तानात एक मुलगा रस्त्यावर खेळ करून दाखवायचा. हातांतून सुऱ्या आरपार घालायचा, जळत्या निखाऱ्यांवरून चालायचा. त्याला वेदना म्हणजे काय ते माहीतच नव्हते. केंब्रिजचे जेफ्री वुड्स यांचा गट त्याच्या कुलातल्या कुटुंबांपर्यंत पोहोचला, पण मुलगा तोवर गेलेला होता. चौदाव्या वाढदिवसाच्या सुमारास त्याने घराच्या छपरावरून उडी मारली होती. त्या कुटुंबांत एससीएन९ए पूर्ण निकामी होते. एका टोकाला निखाऱ्यावर पाय ठेवून काहीच न वाटणारा मुलगा, दुसऱ्या टोकाला गार फरशीवरही पायात निखारे असणारी माणसे, आणि दोघांत जनुक तेच.

जुनी गोळी

कार्बामाझेपिन १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, गायगी कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉल्टर शिंडलर यांनी तयार केले. १९६२ मध्ये स्वीडनचे सिगफ्रिड ब्लोम यांनी ते चेहऱ्यातून वीज जावी तशा कळा येणाऱ्या ट्रायजेमिनल न्यूराल्जियावर वापरून पाहिले आणि गुण आला. अपस्मारात त्याचा वापर त्यानंतर पसरला. आपल्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. फिटच्या किंवा चेहऱ्याच्या कळांच्या रुग्णाच्या घरी ‘टेग्रिटाल’ हे नाव बहुधा सगळ्यांच्या तोंडी असते.

ते सोडियम चॅनेलवर काम करते, हे जुने ज्ञान. मग एरिथ्रोमेलाल्जियात सोडियम चॅनेलच बिघडला आहे हे कळताच सगळ्यांना कार्बामाझेपिन देऊन प्रश्न मिटायला हवा होता. तसे झाले नाही. बहुतेक रुग्णांना त्याचा फारसा उपयोग होत नाही. कारण हे औषध एरवी करते ते एवढेच की पुन्हापुन्हा उघडझाप करून थकलेल्या दारांना धरून ठेवते, त्यामुळे अतिवेगाने पेटणारी नस दमते. दार मुळात लवकर उघडण्याचा दोष त्याने दुरुस्त होत नाही.

अपवाद २००९ मध्ये सापडला. एका कुटुंबात व्ही४००एम नावाचे उत्परिवर्तन होते, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या चारशेव्या जागी व्हॅलिनऐवजी मेथिओनिन आले होते. या कुटुंबाला कार्बामाझेपिनचा गुण येत होता. प्रयोगशाळेत पाहिल्यावर कारण कळले. निरोगी चॅनेल कुठल्या पातळीला उघडतो यावर औषधाने काही फरक पडत नव्हता. पण व्ही४००एमचा चॅनेल जो लवकर उघडत होता, त्याला औषध परत नेहमीच्या पातळीकडे ढकलत होते. ही साधी नाकेबंदी नव्हती. वाकडे झालेले दार औषध पुन्हा चौकटीत बसवत होते, आणि तेही फक्त हेच वाकडे दार.

इथपर्यंतची गोष्ट योगायोगाची आहे. रुग्णाला गुण आला म्हणून शास्त्रज्ञांनी मागे जाऊन कारण शोधले. पुढचे पाऊल त्यांनी उलट्या दिशेने टाकले.

साडीच्या निऱ्या

चॅनेलचे प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबच लांब साखळी. ती सरळ पसरलेली नसते, घड्या घालून बसलेली असते. नऊवारीच्या निऱ्या घातल्या की काठावरचे दोन ठिपके, जे पसरलेल्या साडीत हातभर दूर होते, ते एकमेकांना चिकटून बसतात. प्रथिनाचेही तसेच.

येलच्या गटाने विचार केला की व्ही४००एमला हे औषध लागू पडते तर घडी घातलेल्या चॅनेलमध्ये चारशेव्या जागेच्या शेजारी कोण बसले आहे? २०११ मध्ये एका जिवाणूच्या सोडियम चॅनेलची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली होती. तिच्या आधाराने त्यांनी मानवी नॅव्ह १.७ची त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर उभी केली. त्यात २४१व्या जागेवरचे एक माहीत असलेले उत्परिवर्तन, एस२४१टी, नजरेत भरले. साखळीत मोजले तर दोघांत १५९ जागांचे अंतर. घडीत मोजले तर २.४ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

अंदाज बांधला गेला की एस२४१टीलाही कार्बामाझेपिन लागू पडावे. पेशींवर तपासले तेव्हा तो खरा ठरला. औषधाने या चॅनेलच्या उघडण्याची पातळी सुमारे ७ मिलिव्होल्टने नेहमीच्या दिशेला सरकली. हे दोन शेजारी खरोखरच एकमेकांशी ‘बोलतात’ का, की केवळ जवळ बसले आहेत, हेही त्यांनी दोन्ही बदल एकाच चॅनेलमध्ये घालून पाहिले. ते बोलत होते. हे काम २०१२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आले. तोवर एस२४१टीच्या कोणत्याही रुग्णावर नियंत्रित चाचणीत हे औषध तपासलेले नव्हते.

दोन माणसे, ४२४ मिनिटे

एस२४१टी असलेले दोन रुग्ण, एकाच कुटुंबातले, चाचणीसाठी तयार झाले. पद्धत कडक होती. काही काळ कार्बामाझेपिन, काही काळ अगदी तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि आत्ता कोणती चालू आहे हे ना रुग्णाला माहीत ना तपासणाऱ्याला. रुग्ण स्वतःच स्वतःचा तुलनेचा गट. दुर्मिळ आजारात दोनशे माणसे कुठून आणणार? मग एकाच माणसाला दोन्ही बाजूंनी तोलायचे, हा त्यातला सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे. शिवाय ‘आज दहापैकी किती दुखते’ एवढ्यावर न थांबता दिवसातली किती मिनिटे वेदनेत गेली हे त्यांनी मोजले. मला ही मोजणी फार योग्य वाटते. सतत दुखणाऱ्या माणसाला आकड्याने तीव्रता सांगता येत नाही, पण किती वेळ गेला हे तो नक्की सांगतो.

पंधरा दिवसांच्या स्थिर मात्रेच्या काळात पहिल्या रुग्णाचा वेदनेतला वेळ खोट्या गोळीवर दिवसाला सरासरी ४२४ मिनिटे होता. म्हणजे सात तासांहून जास्त, रोज. कार्बामाझेपिनवर तो २३१.९ मिनिटांवर आला. दुसऱ्या रुग्णाचा त्रास मुळात कमी होता. त्याचा वेळ ६१ मिनिटांवरून ९.१ मिनिटांवर आला.

पण माझे लक्ष वेधून घेतले ते तिसऱ्या आकड्याने. पहिल्या रुग्णाला वेदनेने रात्री जाग येत असे. खोट्या गोळीवर त्या पंधरा दिवसांत तो १०१ वेळा जागा झाला. रात्रीला सहा-सात वेळा. औषधावर ३२ वेळा, म्हणजे रात्रीला साधारण दोनदा. ज्यांनी घरात दुखणाऱ्या माणसाबरोबर रात्री काढल्या आहेत त्यांना सातावरून दोनवर येणे म्हणजे काय, हे सांगावे लागणार नाही. झोपतो तो एकटा रुग्ण नसतो, सारे घर झोपते.

सोबत मेंदूचे चित्रणही केले गेले. पायांची वेदना जागवून मेंदूचे कोणते भाग कामाला लागतात ते एमआरआयवर पाहिले. खोट्या गोळीवर वेदनेचे आणि अनुभवाचे बरेवाईट मोल ठरवणारे भाग पेटलेले होते. औषधावर तो जोर स्पर्शाची जाणीव, हालचाल आणि लक्ष यांच्याशी निगडित भागांकडे वळला. वेदना कमी झाल्याचा रुग्णांचा शब्द अशा रीतीने दुसऱ्या वाटेनेही भेटला.

या अभ्यासाच्या मर्यादाही तितक्याच स्वच्छ सांगायला हव्यात. रुग्ण दोनच, घर एकच. कार्बामाझेपिनने झापड येते, गरगरते, त्यामुळे आत्ता खरी गोळी चालू असावी असे रुग्णाने ओळखले असण्याची शक्यता अशा कोणत्याही चाचणीत पूर्ण पुसता येत नाही. आणि निष्कर्ष फक्त या उत्परिवर्तनापुरता आहे. पण अंदाज आधी छापला गेला आणि पडताळा नंतर आला, हा क्रम माझ्या मते रुग्णांच्या संख्येची बरीच भरपाई करतो. दोनशे जणांवर अंदाधुंद गोळी वाटून सरासरीत दहा टक्के फरक दाखवणाऱ्या चाचणीपेक्षा मी या दोन माणसांवर जास्त विश्वास ठेवेन.

त्याची उलट बाजू अशी की या जनुकातली इतर काही उत्परिवर्तने मेक्सिलेटिन नावाच्या, मुळात हृदयाच्या ठोक्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या औषधाला जास्त चांगला प्रतिसाद देतात. आजाराचे नाव तेच, पाय तसेच लाल, आणि औषध मात्र साखळीतल्या कितव्या मण्याला तडा गेला आहे त्यावर ठरते.

आपल्या कपाटातली तीच गोळी

हे वाचून कुणी ‘माझ्याही पायांची आग होते, घरात टेग्रिटाल आहेच’ असे म्हणेल, ही मला खरी भीती आहे. कार्बामाझेपिनमुळे काही माणसांत स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम ही त्वचा आणि तोंडाचे अस्तर सोलून काढणारी जीवघेणी प्रतिक्रिया होते, बहुधा औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत. एचएलए-बी*१५:०२ हे जनुकीय रूप ज्यांच्यात आहे त्यांना हा धोका कितीतरी जास्त. ते आशियाई लोकांत युरोपीय लोकांपेक्षा अधिक आढळते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २००७ मध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांत औषध सुरू करण्याआधी ही तपासणी करण्याची सूचना दिली आणि त्यात भारतीयांचा उल्लेख होता. २००९ मध्ये आलेल्या एका छोट्या भारतीय अभ्यासात कार्बामाझेपिनने ही प्रतिक्रिया झालेल्या आठपैकी सहा रुग्णांत हे रूप सापडले. गोळी सुरू केल्यावर अंगावर पुरळ, ताप, तोंडात किंवा डोळ्यांत जळजळ दिसली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नसते. गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा असतो. रक्तातले सोडियम उतरणे, पांढऱ्या पेशी कमी होणे हेही होऊ शकते.

रक्तवाहिनीदाहाच्या रुग्णासाठी आणखी एक गोष्ट, आणि ती दुर्मिळ उत्परिवर्तनापेक्षा कितीतरी जास्त जणांना लागू आहे. कार्बामाझेपिन, तसेच फेनिटॉइन, यकृतातली औषधे मोडणारी यंत्रणा वेगवान करतात. प्रेडनिसोलोन त्यामुळे लवकर निपटले जाते. ताकायासुच्या एखाद्या रुग्णाला फिटसाठी कार्बामाझेपिन सुरू झाले, तर स्टिरॉइडचा डोस कागदावर तोच राहतो पण शरीरात कमी पडतो, आणि आजार पुन्हा उसळला तर दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. म्हणून न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना रक्तवाहिनीदाहावर उपचार करणाऱ्या संधिवाताच्या डॉक्टरांची फाइल आणि त्यांच्याकडे जाताना न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी सोबत असलीच पाहिजे. भर म्हणजे काही फिटची औषधे क्वचित स्वतःच ॲलर्जीच्या वाटेने रक्तवाहिनीदाह घडवतात. लाल पाय आणि अंगावर चट्टे घेऊन आलेल्या माणसाला ‘कोणत्या गोळ्या चालू आहेत’ हे विचारणे हा तपासणीचाच भाग आहे.

आणि बर्फ. एरिथ्रोमेलाल्जियाचे रुग्ण तासन्‌तास पाय बर्फात ठेवतात आणि त्यांना दोष देता येत नाही. पण त्वचा पांढरी पडून फुगते, फाटते, जखमा होतात, त्यात जंतू शिरतात, आणि कधीकधी मूळ आजारापेक्षा या जखमा जास्त हाल करतात. पंखा, गार फरशी, थोडा वेळ गार पाणी आणि मग पाय कोरडे करणे, हे त्या मानाने बरे.

आई आणि मुलगा

या चाचणीनंतरही पहिल्या रुग्णाचे रोजचे जवळपास चार तास वेदनेतच जात होते. औषध निवडले ते अचूक, तरी आग पूर्ण विझली नाही. नॅव्ह १.७ला थेट बंद करणारी नवी औषधे बनवण्यासाठी मोठ्या कंपन्यांनी पुष्कळ वर्षे आणि पैसा ओतला, पण सर्वसामान्य वेदनांत ती आतापर्यंत अपेक्षेला उतरली नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सुझेट्रिजिन हे नवे वेदनाशामक शेजारच्या नॅव्ह १.८वर काम करते.

एकाच आजाराचे ओझे दोघांना वेगवेगळे का, या प्रश्नाकडे वॅक्समन यांचा गट २०१९ मध्ये वळला. त्यांनी अभ्यासलेल्या एका कुटुंबात आई आणि मुलगा दोघांना नॅव्ह १.७चे एकच उत्परिवर्तन होते. मुलाची वेदना तीव्र, आईची मध्यम. दोघांच्या रक्तपेशींना मागे नेऊन मूलपेशी केले गेले आणि त्यांपासून वेदनेच्या नसपेशी काचेच्या ताटलीत वाढवल्या गेल्या. ताटलीतही मुलाच्या पेशी जास्त भडकत होत्या, आईच्या कमी. आईच्या पेशींना काय वाचवत होते? केसीएनक्यू नावाच्या पोटॅशियम चॅनेलच्या जनुकातला एक छोटा फरक. हा चॅनेल नसेचा ब्रेक आहे, आणि आईचा ब्रेक जरा जास्त घट्ट लागत होता.

केसीएनक्यूचा हा ब्रेक आणखी घट्ट लावणारे एक औषध तोवर होऊन गेले होते. रेटिगॅबिन हे त्याचे नाव, आणि तेही फिटचेच औषध. काही रुग्णांची त्वचा आणि नखे निळसर पडू लागली, डोळ्याच्या पडद्यावर रंगद्रव्य साठू लागले, आणि वापर घटत गेला. २०१७ मध्ये, आई-मुलाचा हा अभ्यास छापून येण्याच्या दोन वर्षे आधी, ते बाजारातून काढून घेतले गेले होते.